तीसचा स्पीड आणि त्यामागची उमेदवारी

लिपिक टंकलेखकाची जाहिरात आली की एक ओळ ठरलेली असते, मराठी टंकलेखन किमान ३० शब्द प्रति मिनिट किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट. कर सहायकाला तर दोन्ही पाहिजेत. माझी भाची सध्या याच ओळीच्या मागं लागलीय, आणि परवा तिनं विचारलं की मामा हे तीस आणि चाळीस असं का, मराठी काय सोपी म्हणून कमी ठेवलंय का. उलट आहे ते, म्हटलं. पण सांगायला बसलो तर गोष्ट पार दौत-टाकापर्यंत मागं गेली.

आता "उमेदवार" हाच शब्द घ्या. आज निवडणुकीचा असो नाहीतर एमपीएससीचा, फॉर्म भरला की झाला उमेदवार. पूर्वी कचेरीत उमेदवार म्हणजे पगार नसताना कारकुनाच्या बाजूला बसून नकला करणारा, कागद शोधून आणून देणारा, जागा कधीतरी रिकामी होईल या उमेदीवर दिवस काढणारा पोरगा. त्याचा क्लास तोच आणि परीक्षाही तीच. उमेदवारी करणं हा वाक्प्रचार तिथूनच आपल्याकडं राहिलाय.

त्याच्याही आधी दप्तराची लिपी होती मोडी. बोरूनं आधी आडवी ओळ मारून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं ओढत जायची, म्हणजे ही लिपीच मुळात स्पीडसाठी वापरली जायची. आणि ऱ्हस्व-दीर्घची कटकट नाही, इकार एकच, उकार एकच. (आजच्या शुद्धलेखनाच्या पेपरला बसणाऱ्यांनी हे वाचून हळहळू नये.) सुंदर अक्षराचा मान बाळबोधला, म्हणजे देवनागरीला होता. रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा एक समास घातलाय, शाई कशी, टाक कसा कापायचा, आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसलं पाहिजे, असं सगळं त्यात आहे. कित्ता गिरवायचा तो यासाठीच. तेव्हा चांगला लेखनिक ओळखायचा तो त्याच्या अक्षराच्या एकसारखेपणावरून, मिनिटात किती शब्द हे मोजायला हातात तसं घड्याळही नव्हतं.

मिनिटाचा हिशोब आला मशीनबरोबर. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीनं १८७० च्या दशकात टाइपरायटर बाजारात आणला, तिथून तो इंग्रजांच्या कचेऱ्यांत आला आणि कारकुनाचं अक्षर चांगलं की वाईट हा प्रश्नच मिटला, कारण सगळ्यांचं अक्षर सारखंच उमटायला लागलं. मग माणसात फरक करायचा कशावर, तर स्पीड आणि चुका. गोदरेजनं १९५५ मध्ये भारतात बनलेला टाइपरायटर काढला आणि नंतर मशीन तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं.

इंग्रजीत सगळं ठीक होतं, मराठीची मात्र खरी गंमत. त्या मोजक्या कळांवर अख्खी बाराखडी आणि वर जोडाक्षरं बसवायची कशी? तर अर्धी अक्षरं ठेवली आणि काना वेगळा ठेवला. ण हवा असेल तर अर्धा ण् मारायचा आणि मग काना, श, ष, थ, भ यांचंही तेच, म्हणजे एका अक्षराला दोन ठोके. अनुस्वार, मात्रा या काही कळा दाबल्या तरी कागद धरणारी गाडी पुढं सरकतच नसे, म्हणजे चिन्ह अक्षराच्या डोक्यावर बसावं म्हणून. आणि पहिली वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर, कारण कागदावर ती आधी येते. "किती" टाइप करताना पहिल्यांदा वेलांटी, मग क. हाताला एकदा ही सवय लागली की जाता जात नाही.

मराठी टायपिंगला सरकारी भाव आला तो राज्य झाल्यावर. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, एमपीएससी झाली, ६ जुलै १९६० ला भाषा संचालनालय आलं, आणि १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला तेव्हापासून कारभार मराठीत करायचा हे कायद्यानंच ठरलं. मग मराठीत टिपणी लिहिणारा साहेब लागणार, आणि ती टाइप करणाराही लागणार. गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूट त्यावरच वाढल्या. बारावी झाली की टायपिंगला टाकायचं, मुलींना तर नक्कीच. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचं टायपिंगचं सर्टिफिकेट, तीसचं आणि चाळीसचं, घरात फाईलमध्ये जपून ठेवलेलं असायचं, माझंही आहे.

मी शिकलो ती खोली म्हणजे एका किराणा दुकानाच्या वरचा माळा, वीसेक मशीनं, उन्हाळ्यात पंखा लावला की कागद उडायचे म्हणून पंखा बंद. पहिला महिनाभर इंग्रजीला नुसतं एएसडीएफजीएफ आणि सेमीकोलन एलकेजेएचजे. सर बोटांवर रुमाल टाकायचे, खाली बघायचं नाही म्हणजे नाही. ओळ संपत आली की टिंग्ग अशी घंटी, डाव्या हातानं दांडी ओढून गाडी परत. बॅकस्पेस होती, पण ती दाबली की गाडी फक्त एक घर मागं यायची, उमटलेलं अक्षर तिथंच हसत बसायचं. चूक म्हणजे चूक. घरी आलो की करंगळी दुखायची, सगळ्यात दुबळं बोट आणि काम तर पडायचंच.

मशीन गेलं ते हळूहळू. ऑफिसात कॉम्प्युटर आले, पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही कॉम्प्युटरवर काम करणारी सरकारी संस्था सुरू झाली आणि तिथल्या सॉफ्टवेअरवर बऱ्याच कचेऱ्या मराठी टाइप करायला लागल्या. २००१ मध्ये एमएस-सीआयटी आलं आणि नोकरीसाठी तेही सर्टिफिकेट लागायला लागलं. गोदरेजनं २००९ मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं, शेवटच्या काळात ते आपल्या सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला बनत होते, तिथं नंतर फ्रीज बनायला लागले. आता मजा बघा, मशीन बनणं बंद झालं तरी मशीनवरची परीक्षा चालूच होती! ती बंद होऊन कॉम्प्युटरवरची जीसीसी-टीबीसी ही टायपिंगची सरकारी परीक्षा पूर्ण रुळायला २०१७ उजाडलं. म्हणजे मधल्या कित्येक वर्षांत पोरं क्लासला खटखट करायची आणि नोकरीला लागल्यावर समोर मॉनिटर. परीक्षा नेहमी मागच्या मशीनची असते, असं माझं मत झालंय ते यावरूनच.

कळांचंही तसंच. सरकारनं भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड ठरवला, स्वर आणि चिन्हं डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, डोकं लावून केलेली मांडणी आहे आणि यात वेलांटी अक्षराच्या नंतर येते, जशी आपण बोलतो तशी. पण ज्यांचा हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर बसलाय त्यांना ते उलटं वाटतं. म्हणून कॉम्प्युटरवरही रेमिंग्टनची मांडणी जिवंत ठेवावी लागली, म्हणजे लोखंडी मशीन भंगारात आणि त्याच्या कळांची जागा मात्र अजून लॅपटॉपमध्ये. नव्यानं शिकत असाल तर इन्स्क्रिप्टच धरा, एवढं मी सांगेन.

आणि तीस का चाळीस का, तर हे बघा. केंद्राच्या एसएससीच्या (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशन) सीएचएसएल या बारावीवरच्या भरती परीक्षेला इंग्रजी ३५ आणि हिंदी ३० चा स्पीड लागतो, आणि तिथं ३५ म्हणजे तासाला १०,५०० ठोके, ३० म्हणजे ९,००० ठोके असा हिशोब दिलेला असतो, म्हणजे पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात. आता "विद्यार्थ्यांनी" हा एक शब्द इन्स्क्रिप्टमध्ये मारून बघा. व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, हलन्त, य, काना, अनुस्वार, न, दीर्घ वेलांटी. पंधरा ठोके झाले, म्हणजे त्या हिशोबानं तीन शब्द. सरकारी उताऱ्यात असले शब्द ढिगानं, "कार्यान्वित", "प्रशासकीय", "अधिनियमान्वये". तीस कमी नाहीये, हे भाचीला तेव्हा पटलं.

गेल्या काही वर्षांत खरा बदल झालाय तो सर्टिफिकेटच्या भरवशाचा. २०२३ च्या सुरुवातीला एमपीएससीनं ८,१६९ जागांची जाहिरात काढली, त्यात बहुतेक जागा लिपिक टंकलेखकाच्याच. आणि आता नुसतं सर्टिफिकेट दाखवून भागत नाही, आयोग स्वतः टायपिंगची कौशल्य चाचणी घेतो. याचा अर्थ मुख्य परीक्षा पास होऊनही शेवटच्या काही मिनिटांत बोटं थरथरली तर गेलं. फाईलमधलं माझं सर्टिफिकेट आता नुसतं बघायला. पण मला हे बरं वाटतं, कारण तीसचं सर्टिफिकेट आणि हाताला दहाचाही स्पीड नाही अशी माणसं मी ऑफिसात भरपूर पाहिलीत, बाजूच्या टेबलवाल्याला चहा पाजून पत्र टाइप करून घेणारी.

भाची आता रोज सकाळी तासभर बसते, लॅपटॉपच्या कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावले होते ते मीच काढायला लावले, आणि बोटांवर रुमाल टाकतो. चिडते. काल २७ झाला, चार चुका, चारही "र्थ्य" मध्येच.