वसंतारंभीची वॉलआय व क्रॉपी मासेमारी

उत्तर अमेरिकेतील उत्तरेकडच्या गोड्या पाण्याच्या सरोवरांत बर्फ फुटल्यापासून साधारणतः जूनच्या आरंभापर्यंत गळाने केली जाणारी मासेमारी. अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगन ही राज्ये आणि कॅनडातील ऑन्टॅरिओ व मॅनिटोबा हे प्रांत तिची प्रमुख क्षेत्रे होत. येथील माहिती मुख्यतः मिनेसोटाची आहे.

वॉलआय हा पर्सिडी कुलातील मासा. अंग लांबट, ऑलिव्ह-सोनेरी; शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा डाग. दृष्टिपटलामागील परावर्तक थरामुळे त्याला अंधुक उजेडात चांगले दिसते व दिव्याच्या झोतात त्याचे डोळे चमकतात. (कोकणातील जिताड्याचे डोळेही असेच चमकतात, दोघांचे कुल मात्र वेगळे.) मत्स्य-अभ्यासक मिचिल यांनी १८१८ मध्ये वॉलआय या जातीचे वर्णन केले. प्रजातीच्या (जीनसच्या) नावाबद्दल मतभेद आहेत. विसाव्या शतकात बराच काळ स्टिझोस्टेडियॉन हे नाव रूढ होते. पुढे झँडर या यूरोपातील जवळच्या माशाबरोबर एकत्र करून सँडर व्हिट्रियस हे नाव स्वीकारले गेले. २०२१ मध्ये अमेरिकी जातींसाठी जुने नाव पुन्हा पुढे आले. सरकारी व मत्स्यव्यवसायविषयक लिखाणात सँडर अधिक आढळत असल्याने ते वापरणे सोयीचे. ईरी सरोवरातील ‘ब्लू पाइक’ या निळसर वॉलआयचा प्रश्नही याला जोडूनच आहे. मत्स्यशास्त्रज्ञ हब्ज यांनी १९२६ मध्ये ती वेगळी जाती मानली, नंतर ती उपजाती ठरली आणि १९८३ मध्ये ती नामशेष झाल्याचे घोषित झाले. २०१४ मधील आनुवंशिक अभ्यासाला जुन्या नमुन्यांत वेगळेपणाचा पुरावा मिळाला नाही. सर्वांना तो निष्कर्ष मान्य नसला, तरी निळसर रंगावरून जाती वेगळी मानण्याची बाजू आता दुबळी वाटते.

क्रॉपी हा सेंट्रार्किडी कुलातील मासा; त्याच्या काळी व पांढरी अशा दोन जाती. उत्तरेकडे मुख्यतः काळी क्रॉपी मिळते. पांढरीच्या पाठीवरील पराला (फिनला) सहसा ५-६ काटे, काळीच्या ७-८.

वसंतातील वॉलआय-मासेमारीची एक जुनी रीत या भागातील मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांची. विणीसाठी किनाऱ्याशी आलेला मासा रात्री मशालीच्या उजेडात भाल्याने टिपला जाई. ही प्रथा फ्रेंच व्यापाऱ्यांच्या आगमनापूर्वीची असावी. विस्कॉन्सिनमधील लॅक द्यू फ्लाम्बो (फ्रेंचमध्ये ‘मशालीचे सरोवर’) हे नाव या मशालींवरूनच पडले. ओजिब्वे व अमेरिकी सरकार यांच्यातील १८३७ च्या करारातला मासेमारीचा हक्क मिनेसोटातील मिल लॅक्स सरोवरासंबंधीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मान्य केला.

हंगाम पंचांगापेक्षा पाण्याच्या तापमानावर चालतो. बर्फ ‘गेले’ असे कधी म्हणायचे, याची व्याख्याही सरोवरागणिक बदलते: कुठे एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत नाव जाऊ लागली की, तर कुठे नव्वद टक्के पृष्ठभाग मोकळा झाला की. त्यामुळे दोन सरोवरांच्या जुन्या नोंदींची तुलना जपून करावी लागते. पाणी ६ ते १० अंश सेल्सिअस झाले की वॉलआय रात्री गोटे व खडीच्या उथळ तळावर वितो. तो घरटे करत नाही, अंडी राखत नाही. वीण आटोपताच माद्या खोल पाण्याकडे सरकतात. नर काही दिवस तिथेच घुटमळतात. म्हणून आरंभी गळाला लागणारे मासे बहुधा लहान नरच असतात.

मिनेसोटात वॉलआयचा हंगाम मेमोरियल डेच्या (मेच्या शेवटच्या सोमवारच्या) आधीच्या शनिवारच्या दोन आठवडे अगोदर, म्हणजे ९ ते १५ मे यांदरम्यान उघडतो. विस्कॉन्सिनमध्ये मेच्या पहिल्या शनिवारी. त्याआधीच्या बंदीचा हेतू विणीचे रक्षण हा सांगितला जातो. लवकर उबणाऱ्या वर्षी तो साधतो. उशिराच्या वर्षी वीण चालू असतानाच हंगाम उघडू शकतो. २०१३ मध्ये तर मिल लॅक्सवर उघडण्याच्या दिवशीही बर्फ होते. क्रॉपीला मिनेसोटात बंद हंगाम नाही, त्यामुळे बर्फ फुटताच मासेमार आधी तिच्यामागे लागतात.

वॉलआयसाठी जिग, म्हणजे शिशाचे डोके ओतलेला गळ, हे मुख्य साधन. १.५ ते ३.५ मीटर पाण्यात ३.५ ग्रॅमचा जिग पुरतो. वारा वाढला तर ७ ग्रॅमचा. दोर ६ ते ८ पौंडी (तेवढे वजन पेलणारा) तंगूस. आमिष छोटी जिवंत मासळी, शक्यतो शायनर ही चकचकीत मासळी: गळ तोंडातून घालून कल्ल्यातून काढायचा, मासळी थोडी फिरवून त्याचे टोक पाठीतून वर आणायचे. असे ओवल्यास फेकताना मासळी निसटत नाही व सरळ पोहत असल्यासारखी दिसते. नाव वाऱ्यावर सावकाश वाहू द्यायची. जिग तळापासून वीतभर उचलून दोर ताठ ठेवूनच खाली सोडायचा. चावा बहुधा जिग खाली उतरताना येतो आणि नुसते वजन वाढल्यासारखा जाणवतो. दोर सैल राहिला तर तो कळतच नाही. थंड पाण्यात जळू आमिष म्हणून निरुपयोगी; साधारण १० अंशांखाली ती गोळा होऊन पडते. घसरत्या शिशाची जोडणी (हिच्यात शिसे दोरावर मोकळे सरकते) या भागात लोकप्रिय केली ती मिनेसोटातील ब्रेनर्डच्या लिंडनर बंधूंनी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस. तत्त्व त्याहून जुने आहे. वाऱ्याचा मारा असलेला, लाटांनी गढूळ झालेला काठ दिवसाही मासे देतो. थंड वाऱ्यानंतर आभाळ निवळले की मासा तळाला चिकटतो. तेव्हा हलका जिग आणि संध्याकाळची वाट पाहणे, एवढेच हाती उरते.

क्रॉपी बर्फानंतर लगेच आत शिरलेल्या, काळ्या चिखलाच्या उथळ कोपऱ्यांत येते. ही वीण नव्हे. उत्तर काठावरचे असे कोपरे ऊन अधिक घेतात व आधी तापतात. तिथे प्राणिप्लवक, कीटक व छोटी मासळी जमते, त्यांमागे ती येते. दुपारनंतर ती सापडते, थंड रात्रीनंतर जवळच्या उतारावर मागे सरते. वीण १६ ते २० अंशांना, बहुधा लव्हाळ्यांच्या जुन्या खुंटांत. घरटे नर राखतो. गळ अगदी हलका, सुमारे ०.९ ग्रॅमचा, दोर ४ पौंडी, वर तरंगणारे छोटे बूच. क्रॉपी वर पाहून खाते. आमिष तिच्या पातळीच्या थोडे वर हवे. खाली गेले की तिच्या दृष्टीने ते नाहीच! तिच्या जबड्याभोवतीचा पडदा कागदासारखा पातळ असतो. झटका दिला की तो फाटतो, म्हणून काठी नुसती उचलून ताण कायम ठेवायचा आणि मासा जाळीतच घ्यायचा. बूच बुडण्याऐवजी आडवे पडले तर क्रॉपीने आमिष वर उचलले आहे असे समजावे.

दोन्ही मासे एकमेकांची जागा कशी घेतात, हे मिनेसोटातील अप्पर रेड लेक या सरोवरात दिसले. १९९० च्या दशकात तिथला वॉलआय ढासळला; तेव्हाच क्रॉपीची एक दमदार पिढी वाढली व सरोवर काही वर्षे तिच्यासाठी गाजले. १९९९ पासून वॉलआयची पिल्ले सोडण्यात आली, २००६ मध्ये त्याची मासेमारी पुन्हा खुली झाली, आणि क्रॉपीचा तो बहर ओसरला.

मिनेसोटात एका व्यक्तीस ठरावीक संख्येपर्यंतच वॉलआय व क्रॉपी ठेवता येतात. मोठ्या सरोवरांचे नियम वेगळे असतात. सरोवर सोडताना नावेचे बूच काढून पाणी सोडावे लागते, आणि आमिषाच्या बादलीतील सरोवराचे पाणीही ओतून द्यावे लागते. कारण झेब्रा शिंपल्यांची (परक्या, उपद्रवी जातीची) पिल्ले त्यातून दुसरीकडे जातात. जिवंत मासळी टिकवायची तर नळाचे, क्लोरीन निघालेले पाणी सोबत असावे.