शनिवारचा खेळ : ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ बघायला येण्याआधी

देव झोपले की आमचे कॅमेरेही झोपतात. लग्नं थांबली की थेट देवउठनी ग्यारशीपर्यंत (म्हणजे कार्तिकी एकादशीपर्यंत) इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या स्टुडिओत वीस खुर्च्या मांडून दर शनिवारी एक सिनेमा दाखवतो, हे जुन्या ग्राहकांना ठाऊक आहेच. हा भयपट मागच्या वर्षीही दाखवला होता. तेव्हा एका काकांनी जिन्यातच विचारलं, “अहो, पण घाबरायचं कधी होतं?” म्हणून हे पत्रक.

सिनेमा १९६२चा, कृष्णधवल, सव्वा तासाच्या आसपास. दिग्दर्शक हर्क हार्वी अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका कंपनीत शैक्षणिक आणि औद्योगिक फिल्म करायचे. थोडक्यात, आमच्यासारखेच, गिऱ्हाईक सांगेल ते शूट करणारे. गाडीने घरी परतताना युटामध्ये सॉल्टएअरचा ओसाड करमणूक-मंडप दिसला आणि डोक्यातून जाईना. मग सुट्टी काढून, तीनेक आठवड्यांत, सुमारे ३३ हजार डॉलरमध्ये हा सिनेमा उरकला. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. १९८९मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा कुठे कौतुक झालं.

मेरी हेन्री चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. मैत्रिणींसोबतची गाडी पुलावरून नदीत कोसळते आणि ती एकटीच चिखलाने माखून काठावर येते. मग नवं गाव, भाड्याची खोली आणि सारखा दिसणारा एक पांढराफटक माणूस. (तो स्वतः हार्वी.)

खरी भीती मात्र कपड्यांच्या दुकानात आहे. मेरी ड्रेस घालून बघते, बाहेर येते, तर जगाचा आवाजच गेलेला. विक्रेती समोर असून तिच्याकडे बघत नाही. पुढे बागेत एका झाडापाशी पाखरं ऐकू येतात, तेव्हा आपणही श्वास सोडतो. वरातीत शूटिंग करताना कधी हेडफोनची पिन सैल होते. बँड फुगून वाजवतोय, मंडळी नाचताहेत आणि कानात काहीच नाही. ते दोन सेकंद आम्हाला नेमके माहीत आहेत.

काही कलाकार ठोकळ्यासारखे बोलतात, हे कबूल. कँडेस हिलिगॉसकडे बघा, तिचे डोळे पुरेसे आहेत.

दुकानातल्या त्या प्रसंगाला आम्ही पंखे बंद करतो. लाइट गेली समजून ओरडू नये. मध्यंतर नाही. कचोरी नंतर, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात. आठ वाजता दार लावतो. आणि शेवटाबद्दल जिन्यात बोलू नका, तिथे दुसऱ्या खेळाची मंडळी उभी असतात.