गोल्फरचं कोपर आणि गोल्फमधल्या इतर दुखापती

गोल्फमध्ये धक्काबुक्की नसते, तरी एकच स्विंग (काठी फिरवून मारायचा फटका) शेकडो वेळा मारून कंबर, मनगट, कोपर आणि खांदा कुरकुरायला लागतात. सगळ्यात जास्त तक्रार कंबरेची.

‘गोल्फरचं कोपर’ म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाला चिकटलेल्या स्नायूबंधाचं दुखणं, बाहेरच्या बाजूचं ते ‘टेनिस एल्बो’. बाहेरच्या दुखण्याचं पहिलं वर्णन साधारणपणे 1873 मधलं, रुंगे या जर्मन डॉक्टरचं मानतात, आणि ते लिहिण्याच्या त्रासाबद्दल होतं, टेनिसचं नाव त्याला 1880 च्या दशकात चिकटलं. आतल्या दुखण्याला गोल्फचं नाव पडलं खरं, पण हौशी गोल्फरना बाहेरची बाजूही तितकीच, काहींच्या मते जास्तच दुखते, म्हणून नावावरून जागा ठरवू नये. ही सूज आहे की झीज यावरही वाद होता, 1979 च्या सुमारास निर्शल या अमेरिकन शल्यचिकित्सकाच्या कामानंतर झिजेचं मत वरचढ झालं आणि तेच जास्त पटतं, कारण जुन्या दुखण्यात सुजेच्या पेशी फारशा सापडत नाहीत. ओला टॉवेल पिळताना किंवा भरलेली बादली उचलताना कोपरात कळ आली की असं दुखणं असू शकतं असं समजावं.

गोव्यात काणकोणच्या राजबागला किंवा सासष्टीतल्या मोबोरला खेळणाऱ्यांनी जमिनीकडे बघावं. उन्हाळ्यात कोरडी पडलेली माती घट्ट होते, क्लब, म्हणजे गोल्फची काठी, बॉलच्या आधी जमिनीवर आपटला की झटका सरळ कोपरात जातो. दमट हवेत घामाने ग्रिप (क्लबची मूठ) निसटते म्हणून माणूस आणखी घट्ट आवळतो, त्याने त्रास वाढतो. ग्रिप पुसायला टॉवेल जवळ ठेवा, जुनी झाली की बदला.

खेळायच्या आधी दहा मिनिटं चाला, खांदे-कंबर फिरवा, छोट्या क्लबने सुरुवात करा. नितंब न वळवता नुसती कंबर पिळली की मणक्यावर ताण येतो. कोपरासाठी हलकं डंबेल मनगटाने सावकाश खाली सोडायचा व्यायाम उपयोगी, पण रोज थोडा आणि बरेच आठवडे.

उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या तळव्यात, करंगळीखाली, क्लबचं टोक रुततं आणि कधी तिथलं हुकासारखं वाकलेलं लहान हाड मोडतं, साध्या एक्स-रेत ते सुटू शकतं म्हणून दुखणं राहिलं तर सीटी स्कॅनबद्दल विचारा. आणि मे-जूनमध्ये गडगडाट ऐकू आला की क्लब टाकून पक्क्या इमारतीत जावं, माडाखाली उभं राहू नये.