डबल स्ट्रोक रोल आणि बझ रोल: नुसता वेग वाढवून एकाचा दुसरा होत नाही

स्नेअर ड्रमवर दोन काठ्यांनी सलग आवाज काढायला रोल म्हणतात; डबल स्ट्रोकमध्ये प्रत्येक हात दोन-दोन फटके मारतो, बझमध्ये काठी थरथरून उसळत राहते. "डबल स्ट्रोक वेगात वाजवला की त्याचाच बझ होतो", हे शिकवणं आता थांबायला हवं. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संस्थेच्या 40 रुडिमेंट्सच्या (ड्रमवादनातल्या मूलभूत नमुन्यांच्या) यादीत हे दोन रोल वेगवेगळे आहेत, कारण दोन्हींत हात वेगवेगळं काम करतात.

डबल सगळ्यांना येतो: उजवा-उजवा, डावा-डावा. नोटेशनमध्ये लिहिताना डबलच्या स्वरचिन्हाच्या दांडीवर तिरक्या रेघा येतात आणि बझच्या दांडीवर इंग्रजी झेड. हे एकदा पाहिलं की लक्षात राहतं.

गल्लत होते ती दुसऱ्या फटक्यापाशी. डबलमध्ये एका हाताचे फटके मोजून दोनच, सारख्या जोराचे, दाणेदार. काठी नुसती उसळू दिली तर दुसरा फटका दबका पडतो, कारण उसळीत ती पहिल्याइतकी उंच जातच नाही. म्हणून संथ लयीत दोन्ही फटके मनगटाने मारायचे. लय वाढली की मनगट एकदाच खाली येतं, आणि सुटू पाहणारी काठी मागची तीन बोटं तळहाताकडे ओढून दुसरा फटका देतात. या बोटांना काम न देता वेग वाढवला की डबल लंगडतो, आणि नेमक्या त्याच लंगड्या डबलला लोक बझ म्हणतात.

बझमध्ये मागची बोटं सैल असतात. अंगठा आणि तर्जनी काठीला किंचित दाब देतात आणि टोक हेडवर (ड्रमच्या ताणलेल्या पडद्यावर) बारीक बारीक थरथरतं. उसळ्या मोजायच्या नाहीत. दाब कमी पडला तर त्या सुट्या ऐकू येतात, जास्त झाला तर आवाज तिथेच गुदमरतो. एका हाताची थरथर विरायच्या आत दुसऱ्या हाताची सुरू झाली पाहिजे.

सरावही वेगळा. डबलसाठी मेट्रोनोम 60 वर (मिनिटाला 60 ठोके) लावा, ठोक्याला चार फटके, आणि प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्यावर जोर. हाच सराव उशीवर करा: तिथे उसळीच नाही, त्यामुळे मनगटाला सुटका नाही. बझसाठी मात्र उशी निरुपयोगी. सरावाच्या रबरी पॅडवर एकच हात टाकून थरथर किती लांबते ते ऐका. डाव्याची बहुधा लवकर संपते, तेव्हा आधी ती उजव्याएवढी करा. मग 60 वरच ठोक्याला चार वेळा हात बदला.

आधी डबल पक्का करा, बझ नंतर. आणि डबल तपासताना स्नेअरच्या खालच्या हेडला टेकणाऱ्या तारा खटक्याने बंद कराच. टेकलेल्या तारांची खरखर दोन फटक्यांमधली फट भरून काढते, आणि दबका दुसरा फटका त्यात सहज लपतो.