मॅजिक स्लेट

मॅजिक स्लेट : शाईविना लिहिता येणारे आणि पापुद्रा उचलताच कोरे होणारे लहान मुलांचे खेळणे. जादूची पाटी या नावानेही ते ओळखले जाते. पुठ्ठ्यावर गडद मेणाचा थर, त्यावर पातळ अर्धपारदर्शक पापुद्रा आणि सर्वांत वर स्वच्छ प्लास्टिकचा कागद अशी त्याची रचना असते. बोथट टोकाच्या दांडीने दाबले की तेवढ्या जागी पापुद्रा मेणाला चिकटतो व मेणाचा रंग रेघ होऊन वर उमटतो. दोन्ही पदर खालच्या कडेने उचलले की तो सुटतो आणि रेघ नाहीशी होते.

हे खेळणे १९२०च्या दशकात प्रचारात आले. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२५ मध्ये त्यावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. वरचा पदर पुन्हा कोरा होतो, पण खालच्या मेणात ओरखडे टिकून राहतात, हे पाहून त्यांनी या पाटीची तुलना मानवी स्मृतीशी केली.

गोव्यात ही पाटी घरी येई ती बहुधा जत्रेतून. म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा असो वा एखाद्या फेस्ताची (चर्चच्या उत्सवाची) फेरी म्हणजे जत्रेसारखा बाजार, खाज्यांच्या दुकानांशेजारी मांडलेल्या खेळण्यांत ती असे, आणि स्वस्त असल्यामुळे तिच्यासाठीचा हट्ट सहसा पुरवला जाई. शाळेतल्या दगडी पाटीवर अक्षर गिरवावे लागे आणि ते चुकले तर ओल्या फडक्याने पुसावे लागे. या पाटीवर मात्र गिरवण्याची सक्ती नव्हती. परतीच्या बसमध्येच तिच्यावर माड, होडी, देवळापुढची दीपमाळ उमटू लागत, आणि खड्ड्यात बस आदळून रेघ वाकडी गेली तरी वाईट वाटत नसे. पापुद्रा सुटतानाचा तो ‘चर्र’ असा आवाज तर चित्राइतकाच हवासा होता. केवळ तो ऐकण्यासाठी चांगले जमलेले चित्रही पुसले जाई. ओरखडून चित्र काढण्याची रीत गोव्याला नवी नाही. देवळांच्या भिंतींवरील कावी कामात तांबडा थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा केला जातो. तिथली रेघ मात्र कायमची असते आणि कारागिराला चुकण्याची मुभा नसते.

सहा-आठ महिन्यांत पापुद्रा सुरकुततो, फाटतो, दांडी हरवते. पुढे जपानमध्ये १९७४ साली निघालेली चुंबकीय पाटी आणि अलीकडची बटन दाबून कोरी होणारी एलसीडी पाटी यांनी तिची जागा बरीचशी घेतली आहे. या दोन्ही अधिक टिकाऊ आहेत. पण मेण त्यांत नाही.

जुनी मॅजिक स्लेट माळ्यावर सापडली, तर तिचे दोन्ही पदर उचलून मेण तिरप्या उजेडात धरावे. एकमेकींवर चढलेल्या असंख्य रेघांच्या जाळ्यात बहुतेकदा सर्वांत खोल गेलेली अक्षरे वाचता येतात, आणि ती त्या मुलाच्या नावाची असतात.