बेळगाव सीमाभागातल्या दारूमुक्तीच्या मीटिंगा : पार्श्वभूमी

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची चळवळ. तिच्या बारा पायऱ्यांच्या मीटिंगा भारतात सुरू झाल्या त्या १९५७ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं होतं. तोवर इथे मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा होता; कागदावर बंदी, रानात हातभट्टी. पुढे म्हैसूरने बंदी सोडली. महाराष्ट्रात मात्र तोच जुना कायदा परमिटच्या रूपाने आजही आहे, आणि खानापूरचा घाट उतरला की गोवा. तीन राज्यांत दारूचे तीन दर, त्यामुळे पिणाऱ्याला सीमा ओलांडायची सवय आधीपासूनच होती. सोडणाऱ्यालाही ती ओलांडावी लागते.

खरा बदल १ जुलै २००७ चा. त्या दिवसापासून कर्नाटकात अरक, म्हणजे पाकिटातून विकली जाणारी स्वस्त देशी दारू, बंद झाला आणि खेड्यातलं पाकीट गेलं. पिणं थांबलं नाही. ९० आणि १८० मिलीच्या स्वस्त व्हिस्कीने ती जागा घेतली आणि दिवसाचा खर्च वाढला. गावोगावी भरणारी आठ दिवसांची मद्यवर्जन शिबिरं अनेकांना ठाऊक आहेत. दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या धर्मस्थळ देवस्थानाच्या संस्थेने रुजवलेली ही पद्धत मुख्यतः कन्नडमध्ये चालते. शिबिर सगळ्या गावासमोर होतं, शपथ सगळ्यांदेखत घेतात. मीटिंगमध्ये याच्या उलट: आडनाव नाही, हजेरी नाही, फी नाही. शिबिर करून आलेला माणूस मीटिंगला येतो तेव्हा ‘इथे नाव कुठे लिहायचं?’ हाच त्याचा पहिला प्रश्न असतो.

सगळ्यात जास्त वाद होतो तो मीटिंगच्या भाषेवर. नियम साधा आहे: ग्रूप आपला कारभार स्वतः ठरवतो, सदस्यांच्या मताने. बेळगावात त्या मताला सीमाप्रश्नाचा वास येतो. एक बाजू म्हणते, पायऱ्यांचं वाचन मराठीत नसेल तर मराठी नवखा पहिली वीस मिनिटं भिंतीकडे बघत बसतो आणि पुन्हा येत नाही. दुसरी म्हणते, दहा जणांच्या ग्रूपचे दोन केले की पाच-पाच उरतात. त्यातल्या खोलीच्या किल्लीवाल्याला ताप आला की मीटिंगच नाही. दोन्ही खरं आहे. तरीही वेगळे ग्रूप काढण्याची घाई बहुतेक वेळा दारूपेक्षा फलकांवरच्या भाषेच्या रागातून येते. चालण्यासारखा तोडगा असा: वाचन आळीपाळीने, एका आठवड्याला मराठी, पुढच्याला कन्नड, आणि अनुभव सांगताना ज्याची जी भाषा ती. पुस्तिका दोन्ही भाषांत टेबलावर ठेवायच्या. कन्नडमध्ये बोललेलं निम्मं कळलं तरी ‘सकाळी हात थरथरायचे’ एवढं तर कळतंच.

मीटिंग शोधताना जिल्ह्याच्या नावावर अडकू नका. मीटिंगांची यादी राज्यवार लावलेली असते आणि निपाणीच्या माणसाला ती बेळगावकडे पाठवते. निपाणीहून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर, कोल्हापूर सुमारे ४०. चंदगडचं उलट: राज्य महाराष्ट्र, पण बाजार बेळगावचा, म्हणून मीटिंगही तिकडची सोयीची. दोन्ही राज्यांच्या यादीतले नंबर लावा आणि तीन गोष्टी विचारा: वाचन कोणत्या भाषेत, मीटिंग खुली की बंद, आणि सुटते किती वाजता. शेवटचा प्रश्न शेवटच्या एसटीसाठी. साडेसहाला सुरू होऊन आठला सुटणारी मीटिंग खानापूरच्या आतल्या गावाला झेपत नाही. त्यांनी रविवारची दिवसाची मीटिंग धरावी. आपल्याच गावात कुणी बघेल ही भीती असेल तर शेजारच्या तालुक्यात जावं. यात लपवाछपवी वगैरे काही नाही.

बंद मीटिंगला फक्त दारू सोडू पाहणारा बसतो. बायकोला किंवा भावाला सोबत यायचं असेल तर खुली मीटिंग विचारून घ्या. खोली कधी शाळेची असते, कधी चर्चच्या आवारातली, आणि त्यावरून धर्मांतराची कुजबुज उठते. ग्रूप खोलीचं भाडं सदस्यांनी पिशवीत टाकलेल्या पैशातून देतो, संबंध तेवढाच. ती पिशवी फिरते तेव्हा नवख्याने काही टाकलं नाही तरी चालतं. बोलायची सक्ती नाही. नाव सांगून ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं की पुढच्याचा नंबर.

मीटिंगमध्ये औषध मिळत नाही, हे मात्र घरच्यांनी पक्कं धरावं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास, ताप. अशा माणसाला आधी सरकारी दवाखान्यात न्यावं, मीटिंग नंतर. मार्च २०२० मध्ये दुकानं अचानक बंद झाली तेव्हा हा धोका घरोघरी दिसला. त्याच काळात मीटिंगा मोबाईलवर आल्या आणि अथणीच्या माणसाला पुण्याची मराठी मीटिंग ऐकता येऊ लागली. त्या अजून चालतात, पण प्रायोजक, म्हणजे पायऱ्यांमधून हाताला धरून नेणारा जुना सदस्य, मिळायला खोलीत बसलेलं बरं. रात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ आहे, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. दोन्हींना पैसे लागत नाहीत.

ग्रामदेवतेच्या यात्रेचा आठवडा सगळ्यात वाईट. मटण, पाहुणे, आणि ‘आजच्या दिवस घे’ म्हणणारा मामा. त्या आठवड्यात आधीच ठरवून रोज एक मीटिंग किंवा एक फोन ठेवतात. आणि खोलीला कुलूप दिसलं तर ग्रूप मोडला असं समजून परत फिरू नका. यात्रेत किंवा परीक्षेच्या दिवसांत शाळेची खोली मिळत नाही, मग मीटिंग मागच्या वर्गात किंवा पलीकडच्या चहाच्या टपरीवर भरते. किल्लीवाल्याचा नंबर आधीच्याच आठवड्यात घेऊन ठेवा.