मंगळवेढा: अभंगांची आणि ज्वारीची जमीन

सोलापूरहून सांगोला-मिरजेच्या रस्त्याने निघालं की सुमारे ५५ किलोमीटरवर मंगळवेढा लागतं. संतांची भूमी म्हणून लोक येतात, दामाजीपंतांच्या मंदिरात डोकं टेकवून पंढरपूर गाठतात. गावाभोवतीची काळी रानं मात्र कोणी थांबून पाहत नाही. माझ्या मते इथले संत समजून घ्यायचे तर ती रानं आधी पाहावीत.

बाराव्या शतकात हे कलचुरींचं ठाणं होतं. त्यांच्या राजा बिज्जळाने पुढे चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, घेतली. त्याआधी बसवेश्वर त्याच्या पदरी इथेच हिशेबाचं काम पाहत होते, असं परंपरा सांगते. त्यांची कन्नड वचनं, म्हणजे छोटी भक्तिपर पदं, पुढे कल्याणीत बहरली. आपले सोलापूरचे सिद्धरामेश्वरही त्याच शरणांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, मेळ्यातले.

मराठीत हे गाव अजरामर झालं ते चोखोबांमुळे. ते, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि मुलगा कर्ममेळा अशा पाच जणांचे अभंग एकाच घरातून आले, आणि तेही ज्यांना देवळाची पायरी चढायला बंदी होती अशा घरातून. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना ते ढासळलं आणि चोखोबा इतर मजुरांसोबत त्याखाली गेले. ज्या कुसाच्या आत त्यांना घर नव्हतं, तेच बांधताना! नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या. महाद्वारासमोर समाधी आहे.

पुढच्या शतकात याच गावची कान्होपात्रा बिदरच्या बादशहाचं बोलावणं नाकारून विठ्ठलाच्या पायाशी गेली. दामाजीपंत बहामनी राजवटीतले अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं भुकेल्यांसाठी उघडली. विठू महाराच्या रूपात देवाने बिदरला जाऊन धान्याची रक्कम भरली, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तो दुष्काळ आजही दामाजीपंतांच्याच नावाने ओळखला जातो.

कोठारं भरत होती ती इथल्या जमिनीमुळे. पाऊस बेभरवशाचा, पण खोल काळी माती परतीच्या पावसाची ओल महिनोन्‌महिने धरून ठेवते आणि त्या ओलीवरच रब्बीची ज्वारी येते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जायचंच असेल तर पौषात जावं. कणसं दाण्यात असतात आणि रानोरानी हुरड्याच्या आगट्या पेटलेल्या असतात.